शासनाचे सेवाकाम संस्थेने कसे घ्यावे : जाहिरातीपासून हस्तांतरापर्यंत

महाराष्ट्रात बेघरांचा निवारा, व्यसनमुक्ती केंद्र, बालकांसाठीचे मदतकार्य, दिव्यांगांचे पुनर्वसन, कचरावेचकांच्या उपजीविकेचे काम अशा अनेक सेवा शासन स्वतः चालवत नाही. स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था किंवा महिला बचत गटांचे संघ यांच्याकडे त्या सोपवल्या जातात. या व्यवस्थेबद्दल बोलताना संस्थांची ‘क्षमताबांधणी’ हा शब्द फार वेळा येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा दोन दिवसांची कार्यशाळा एवढाच उरतो. माझे मत वेगळे आहे. संस्था सबळ होते ती तिला कामाचा पूर्ण खर्च मिळाला, तो वेळेवर मिळाला आणि सेवेचा आराखडा ठरवताना तिचे म्हणणे ऐकले गेले तर. या तिन्ही गोष्टी करारनाम्याच्या कागदावर ठरतात, आणि म्हणून करारावर सही करण्याच्या आधीचे टप्पे या लेखात अधिक सविस्तर मांडले आहेत.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने लहान आणि मध्यम संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. महापालिका, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेतील जे अधिकारी अशी कामे सोपवतात, त्यांनाही याचा काही भाग उपयोगी पडावा.

जाहिरात येण्याआधी : कागदपत्रे जिवंत ठेवणे

महाराष्ट्रातील बहुतेक संस्था सोसायटी नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. काही कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 8 खाली कंपनी म्हणून उभ्या राहतात. नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येकाकडे असते. अडचण येते ती बदल अर्जात. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांच्या आत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, जुनीच नावे राहतात. छाननीच्या वेळी ठरावावर सही करणारी व्यक्ती आणि परिशिष्टावरील व्यक्ती वेगळी निघाली की उत्तम काम करणारी संस्थाही तांत्रिक टप्प्यातच बाद होऊ शकते. म्हणून निवडणूक झाली, कोणी राजीनामा दिला किंवा कोणाचे निधन झाले की त्याच महिन्यात वकिलांकडे कागद पोहोचवावेत.

हिशेब 31 मार्चला बंद करून पुढील सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करावे आणि मागील तीन वर्षांचे अहवाल एका धारिकेत तयार ठेवावेत. पॅन, प्राप्तिकराची सवलतीची नोंदणी आणि नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावरील ओळखक्रमांक हे तीन कागद केंद्राच्या योजनांसाठी हमखास मागितले जातात. प्राप्तिकराची नोंदणी कायमची नसते, तिची मुदत संपते. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर अधिनियम 2025 लागू होत असल्याने जुने कलम क्रमांक बदलतात, हे प्रतिज्ञापत्रांचे जुने नमुने वापरताना लक्षात घ्यावे. निविदा राज्य शासनाच्या महाटेंडर या ई-निविदा संकेतस्थळावर भरायची असल्यास अधिकृत व्यक्तीच्या नावाची डिजिटल स्वाक्षरी लागते, आणि ती मिळवण्याचे काम शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये.

अनुदान, सेवाकरार की सामंजस्य करार

काम कोणत्या स्वरूपात मिळते आहे हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे, कारण पुढचे सारे नियम त्यावर अवलंबून असतात. अनुदानात शासन संस्थेच्या कामाला आधार देते. न खर्चलेली रक्कम परत करावी लागते आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. सेवाकरारात शासन ठरलेल्या दराने सेवा विकत घेते. तेथे बिल, टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा प्राप्तिकर), जीएसटी, सुरक्षा अनामत आणि दंडाच्या अटी येतात. सामंजस्य करारात अनेकदा पैशाचा उल्लेखच नसतो. एखाद्या सामंजस्य करारात जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी असेल आणि रकमेचा रकाना रिकामा असेल, तर ते काम संस्थेच्या देणगीदारांच्या पैशावर चालणार आहे, हे कार्यकारी मंडळाने डोळे उघडे ठेवून ठरवावे.

करांच्या बाबतीत दोन गोष्टी नेमक्या माहीत हव्यात. पहिली जीएसटीबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243जी आणि 243डब्ल्यूमध्ये पंचायती व नगरपालिकांकडे सोपवलेल्या विषयांशी निगडित असलेली, वस्तूंचा पुरवठा नसलेली निव्वळ सेवा शासनाला किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला दिली असेल, तर तिला जीएसटीतून सूट आहे; मात्र निवाऱ्यासोबत भोजनाचा पुरवठाही असेल तर ती निव्वळ सेवा राहते का, हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. दुसरी प्राप्तिकराबद्दल. गरिबांना साहाय्य, शिक्षण किंवा वैद्यकीय मदत या प्रकारांत न बसणाऱ्या, म्हणजे ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ उद्दिष्टाच्या संस्थेची व्यावसायिक स्वरूपाची प्राप्ती एकूण प्राप्तीच्या 20 टक्क्यांपुढे गेली तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. खर्चाइतके किंवा त्याहून नाममात्र अधिक शुल्क घेणे म्हणजे व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 च्या निकालात म्हटले आहे, आणि म्हणूनच दर कसा काढला याचा कागद जपून ठेवणे करासाठीही मोलाचे ठरते.

निविदेची भाषा वाचणे, आणि बदलायला लावणे

निविदा किंवा स्वारस्य अभिव्यक्तीची (इच्छुक संस्थांकडून प्रस्ताव मागवण्याची) सूचना प्रसिद्ध झाली की संस्थेतील दोघांनी ती वेगवेगळी वाचावी : एकाने कामाच्या दृष्टीने, दुसऱ्याने पैशाच्या दृष्टीने. मग निविदापूर्व बैठकीला प्रश्न लेखी घेऊन जावे. ही बैठक अनेक संस्था टाळतात आणि हे मोठे नुकसान आहे, कारण अट बदलण्याची कायदेशीर संधी तेथेच असते. बैठकीत मान्य झालेला बदल शुद्धिपत्रकात आला तरच तो खरा.

वार्षिक उलाढालीची अट सर्वात आधी पाहावी. ती कामाच्या आकाराशी विसंगत असेल तर स्थानिक संस्था दारातच अडतात. याचे सर्वात ठळक उदाहरण पोषण आहाराचे आहे. अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजी सांगितले होते. तरीही महाराष्ट्रात 2016 साली निघालेल्या निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या ठरल्या, त्याविरुद्ध बचत गट न्यायालयात गेले आणि वैष्णोरानी महिला बचत गटाच्या प्रकरणात फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. बचत गटांना प्राधान्य देण्याचे धोरण कागदावर असूनही अटींच्या बारीक अक्षरांत ते हरवू शकते, हे या प्रकरणातून प्रत्येक अधिकाऱ्याने आणि प्रत्येक संस्थेने शिकावे.

दुसरा प्रश्न निवडीच्या पद्धतीचा. सर्वात कमी दर देणाऱ्याला काम, ही पद्धत खुर्च्या किंवा कागद खरेदी करताना ठीक आहे. रात्री दोन वाजता आजारी बेघराला रुग्णालयात नेणारी सेवा त्या पद्धतीने निवडली की दरकपातीचा सारा भार कर्मचाऱ्यांच्या पगारावर पडतो. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांमध्ये सल्लागार सेवांशिवाय इतर सेवांसाठीही गुणवत्ता आणि किंमत यांची सांगड घालणारी निवड काही अटींवर मान्य केली, त्यात गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के भारांक देता येतो. राज्यातील कार्यालयांसाठी उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका हा मूळ आधार आहे. गुणवत्ता आणि किंमत यांची सांगड घालण्याहूनही चांगला मार्ग म्हणजे दर शासनानेच निश्चित करून जाहीर करणे आणि स्पर्धा केवळ गुणवत्तेवर ठेवणे. निविदापूर्व बैठकीत ही मागणी संस्थांनी एकत्रितपणे करावी.

पूर्ण खर्च मांडणे

सर्वात जास्त वेळ येथे द्यावा. समजा, चोवीस तास चालणाऱ्या निवाऱ्यासाठी निविदेत ‘तीन पाळ्या, तीन काळजीवाहक, प्रत्येकी 15,000 रुपये’ असे धरले आहे. म्हणजे वर्षाला 5,40,000 रुपये. आता खरे गणित करू. आठवड्याचे तास 168. एक कर्मचारी आठवड्याला 48 तास काम करतो. म्हणजे साडेतीन माणसे लागतात. सुट्ट्या आणि आजारपण धरले की चार. संस्थेला भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांचे कायदे लागू असतील तर पगारावर भविष्य निर्वाह निधीचे प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, विम्याचे 3.25 टक्के आणि उपदानाची तरतूद 4.81 टक्के येते. एका व्यक्तीचा मासिक खर्च 18,159 रुपये, चौघांचा 72,636, वर्षाचा 8,71,632. निविदेतील आकड्यात आणि या आकड्यात 3,31,632 रुपयांचे अंतर आहे, आणि त्यात अजून भोजन, औषधे, वीज, दुरुस्ती काहीच धरलेले नाही.

हे अंतर कोण भरते? बहुतेक ठिकाणी तीनच माणसे बारा-बारा तास राबून ते भरतात. सामाजिक कामातील माणसांनी त्याग करावा हे म्हणणे मला मान्य नाही. शासनाची सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याचे किमान हक्क मिळालेच पाहिजेत. नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क मिळतो, हे प्रकल्पावर माणसे नेमणाऱ्या संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावे.

थेट खर्चानंतर सामायिक खर्च धरावा. लेखापाल तीन प्रकल्पांचे काम करत असेल तर त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा या प्रकल्पाचा. कार्यालयाचे भाडे, लेखापरीक्षकाचे शुल्क, प्रशिक्षण, प्रवास, संगणकाची झीज यांचेही तसेच. अनेक संस्था हा खर्च लपवतात, कारण ‘प्रशासकीय खर्च’ हा शब्द पाहून अधिकारी भुवया उंचावतात असा त्यांचा अनुभव असतो. तो लपवू नये, प्रत्येक ओळीखाली त्याचा आधार लिहावा.

मग रोखीचे गणित. खर्च आधी, बिल तिमाहीनंतर, तपासणीला आणि मंजुरीला दोन महिने, असा क्रम असेल तर पाच महिन्यांचा खर्च संस्थेच्या खिशातून जातो. महिन्याचा खर्च 1,20,000 असेल तर 6,00,000 रुपये हाताशी हवेत. सुरक्षा अनामत त्याशिवाय अडकून पडते. कर्ज काढून भागवू, असे विश्वस्तांना सहज म्हणता येत नाही, कारण सार्वजनिक न्यासासाठी कर्ज घ्यायला विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एवढी रक्कम नसेल आणि आगाऊ हप्त्याची तरतूदही नसेल, तर काम नाकारणे हाच संस्थेच्या आणि लाभार्थ्यांच्या हिताचा निर्णय आहे. पगार थकलेला निवारा लोकांच्या उपयोगाचा राहत नाही.

एकट्याने की मिळून

लहान संस्थेला सारे निकष एकटीने पूर्ण करता येत नसतील तर दोन-तीन संस्थांनी मिळून प्रस्ताव द्यावा, निविदेत तशी मुभा नसेल तर ती निविदापूर्व बैठकीत मागावी. ग्रामीण भागात उमेद या ग्रामीण उपजीविका अभियानाचे प्रभाग संघ आणि महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे यांच्याकडे गटांचे जाळे आहे, शहरांत वस्ती पातळीवरील संस्था आहेत. त्यांच्यासोबत हिशेब आणि अहवालाचे काम सांभाळणारी अनुभवी संस्था आली तर दोघांचेही भले होते. मात्र प्रमुख संस्थेने पैसे आल्यावर किती दिवसांत सहभागी संस्थेला द्यायचे, दंड झाला तर कोणी सोसायचा आणि माहितीची मालकी कोणाची, हे आपसांतील करारात लिहून घ्यावे. मोठ्या संस्थेने लहानीला उपठेकेदारासारखे वागवल्याने तुटलेली नाती पुन्हा जुळत नाहीत.

करारनामा आणि कार्यादेश

निवड झाल्याचे पत्र म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश नव्हे. प्रशासकीय मान्यता झाली आहे का, खर्च अर्थसंकल्पातील कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार आणि त्यात तरतूद आहे का, हे विचारावे. ‘तुम्ही सुरू करा, कागद मागून येईल’ या तोंडी शब्दावर केलेल्या खर्चाचे बिल पुढे मंजूर करणे त्या अधिकाऱ्यालाही अवघड जाते, तोवर त्याची बदली झाली तर अशक्यच होते. दिव्यांग कल्याणासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातून राखून ठेवायच्या 5 टक्के निधीसारख्या ठिकाणी तरतूद असते, पण वर्षअखेरीस घाईने कामे निघतात; तेथे हे प्रश्न अधिकच आवश्यक आहेत.

करारात पाहायच्या अटींपैकी चार मला सर्वात महत्त्वाच्या वाटतात. पहिला हप्ता आगाऊ हवा. बिलाला किती दिवसांत मंजुरी किंवा लेखी हरकत द्यायची याची मुदत शासनावरही असावी. करारात संस्थेला उशिरासाठी दंड असतो आणि शासनाला नसतो, हे असमतोल नाते आहे. मुदत किमान तीन वर्षे असावी आणि दरवर्षी महागाईनुसार दरवाढ मिळावी. आणि करार संपवण्याची पूर्वसूचना इतकी असावी की लाभार्थ्यांची पर्यायी सोय करता येईल.

मुदतीचे महत्त्व पुण्याच्या अनुभवातून समजते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 साली उभी राहिली, तिच्या पुढाकारातून ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आली आणि 2008 साली तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा उचलण्याचे शुल्क नागरिक थेट कचरावेचकाला देतात आणि महापालिका साधने व व्यवस्थापनाला आधार देते, अशी ही रचना आहे. हजारो कष्टकऱ्यांना त्यातून सन्मानाचे काम मिळाले. तरी मुदत संपताना नूतनीकरणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि दर वेळी अनिश्चितता त्या कुटुंबांच्या वाट्याला आली. कराराच्या शेवटच्या वर्षात, मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी मूल्यमापन आणि नूतनीकरणाचा निर्णय व्हावा, अशी अट मूळ करारातच घालता येते.

काम चालू असताना

प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खाते, स्वतंत्र रोजकीर्द आणि खतावणी ठेवावी. हजेरीपट, साठा नोंदवही, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही आणि व्हाउचर रोजच्या रोज पूर्ण करावेत; महिनाअखेरीस आठवून लिहिलेली नोंद तपासणीत ओळखू येते. केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम 2017 मधील 12-अ नमुन्यात द्यावे लागते आणि ते थकले की पुढचा हप्ता थांबतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती हवी. शासनाच्या निधीवर मुख्यतः चालणारी स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये स्पष्ट केले. अर्ज येण्याची वाट न पाहता मंजूर रक्कम, खर्च आणि सेवेची माहिती सेवा चालते तेथील फलकावर लावावी.

अहवालात आकडे असतातच. पण सेवा घेणाऱ्यांचे म्हणणे त्यात येण्याची सोय करावी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेचे प्रगतीपत्रक भरायचे आणि जनसंवादात अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, ही तिची पद्धत. निवारा किंवा पुनर्वसन केंद्रातही तिमाहीत एकदा अशी बैठक घेता येते. शासकीय अधिकाऱ्याने तिला यावे, कारण एका दुपारी समजणाऱ्या गोष्टी महिनाभराच्या तपासणी अहवालांतून समजत नाहीत. संस्थेच्या चुका तेथे उघड होतील. त्या व्हाव्यात.

देयक अडले तर तोंडी पाठपुराव्यासोबत दर पंधरवड्याला लेखी स्मरणपत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. हरकत आली असेल तर तिचे मुद्देसूद उत्तर द्यावे. तीन महिन्यांनंतर विभागप्रमुखांकडे, त्यापुढे आयुक्तांकडे किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. त्याच गावातील इतर संस्थांचीही देयके अडली असतील तर निवेदन एकत्र द्यावे. एकटी संस्था मागते तेव्हा ती तक्रार ठरते, दहा संस्था मागतात तेव्हा तो धोरणाचा प्रश्न होतो.

हस्तांतर

प्रत्येक सेवाकरार कधी ना कधी संपतो, आणि कधी शासन ती सेवा स्वतःकडे घेते. संकटातील बालकांसाठीची 1098 ही दूरध्वनी सेवा 1996 साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाली, देशभर भागीदार संस्थांच्या जोरावर वाढली आणि 2023 मध्ये मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली शासकीय यंत्रणेकडे गेली. संस्थेने घडवलेली सेवा शासनाची होणे हे त्या कामाचे यशच आहे. पण अशा बदलात अनुभवी कर्मचाऱ्यांचे काय, जुन्या नोंदींचे काय आणि अर्ध्यावर असलेल्या प्रकरणांचा पाठपुरावा कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहिलेली नसतील तर किंमत मुलांना मोजावी लागते.

म्हणून हस्तांतराचा आराखडा पहिल्या वर्षीच तयार करून करारनाम्याला जोडावा. त्यात प्रत्येक लाभार्थ्याची चालू धारिका कोणाकडे आणि कोणत्या संमतीने जाईल, शासनाच्या पैशातून घेतलेल्या वस्तू जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे कोण मोजून घेईल, कर्मचाऱ्यांची शेवटची देणी आणि उपदान कोणत्या रकमेतून दिले जाईल, आणि नवी यंत्रणा रुजू होईपर्यंत दोन्ही यंत्रणा किती आठवडे सोबत काम करतील, हे नावानिशी आणि तारखेनिशी नोंदवावे. अनामत परत मागण्याचा अर्ज अंतिम उपयोगिता प्रमाणपत्रासोबतच द्यावा, आणि सर्व मूळ व्हाउचर लेखापरीक्षणातील आक्षेप निकाली निघेपर्यंत संस्थेच्याच कपाटात ठेवावेत.